शेवटचे तीन बाद

'मिलियन डॉलर आर्म' हा २०१४ सालचा चित्रपट मी यंदाच्या जुलैत पाहिला. मुळशीत अतिवृष्टीचा इशारा होता, शाळेला सुट्टी होती. चित्रपटात उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन मुलं आहेत, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. २००८ साली भारतात एक टीव्ही स्पर्धा होते, सदतीस हजारांहून जास्त मुलं चेंडू फेकून पाहतात आणि त्यातून हे दोघे निघतात. बेसबॉल हा शब्दही आधी न ऐकलेली ही मुलं त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाशी करार करतात. चित्रपट तिथे थांबतो. मला मात्र पुढचं हवं होतं. मुलाला नोकरी लागली, आनंद झाला. पण नोकरीत त्यानं रोज केलं काय?

मी पौडला शाळेत मराठी शिकवते. खेळाचं माझं ज्ञान घरच्यांबरोबर टीव्हीवर क्रिकेट पाहण्याइतकं. शोधायला बसले तर रिंकू सिंग या नावाखाली सगळा अलीगढचा क्रिकेटपटू. ९ एप्रिल २०२३ ला अहमदाबादला शेवटच्या पाच चेंडूंवर पाच षटकार मारणारा. बरंच खाली गेल्यावर भदोही जिल्ह्यातला, ट्रकचालकाचा मुलगा रिंकू सापडला. डावखुरा. आणि पुढे त्याचं काम लिहिलेलं होतं: रिलीफ पिचर. मदतीला येणारा गोलंदाज, असा अर्थ मी लावला. मदत कुणाला, कशासाठी, हे काही कळलं नाही.

न्यू जर्सीतल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, आधी पिचर काय करतो ते समजून घे. मग त्याच्या जागी येणारा कोण ते आपोआप कळेल." पिचर म्हणजे गोलंदाजच, पण चेंडूचा टप्पा पडू द्यायचा नाही आणि कोपर वाकवून फेकायचा. फलंदाजाच्या छातीखालपासून गुडघ्यापर्यंत, सतरा इंच रुंदीची एक अदृश्य चौकट असते. चेंडू तिच्यातून गेला किंवा फलंदाज बॅट फिरवून चुकला, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद. चौकटीबाहेर चार गेले की फलंदाज चालत पहिल्या तळावर. तीन बाद झाले की बाजू बदलते, आणि असे नऊ डाव. षटक नावाचा प्रकारच नाही. एकच माणूस टाकत राहतो. मी विचारलं, थकला तर? "काढतात. पण एकदा काढला की त्या सामन्यात तो परत येत नाही." इथे मला पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. क्रिकेटमध्ये कप्तान बुमराची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवतो. बेसबॉलमध्ये राखून ठेवता येतो तो माणूस, त्याची षटकं नव्हेत.

वाचून सगळं समजलं असं वाटलं, म्हणून टाकून पाहायचं ठरवलं. मैदानात घोटाभर पाणी होतं. पण चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे रस्त्यावरची मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात. एका ओळखीच्या मालकांनी हॉल उघडून दिला. नववीच्या दोन मुली सोबत आल्या. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉलही असतो हे मला त्यांनीच सांगितलं होतं. फीत धरून अंतर मोजलं, १८.४४ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर असते, म्हणजे हे त्याहून कमी. खरा पिचर दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून टाकतो. आम्ही सपाट फरशीवर उभ्या राहिलो. समोरच्या भिंतीला एक गादी टेकवली आणि खडूनं चौकट आखली. भाच्यानं मागे एकदा सुट्टीत आणलेला चेंडू हातात घेतला. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, साधारण १४५ ग्रॅम. पांढरं कातडं, लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. बोटं शिवणीवर कुठे ठेवायची याची चित्रं मी पाहून गेले होते. माझा चेंडू गादीपर्यंत न पोहोचता फरशीवर पडला आणि घरंगळत गेला. मुली हसल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्यातल्या एकीचा हात मात्र लांबून दगडानं चिंचा पाडणारा. तिनं टाकलेला चेंडू गादीत रुतला तेव्हाचा आवाज ऐकून कार्यालयाचा रखवालदार आत येऊन उभा राहिला. सुरुवातीचे चेंडू खडूच्या चौकटीत जात होते. बऱ्याच वेळानं ते चौकटीच्या वर जायला लागले, आधी थोडे, मग हातभर. तिला विचारलं, दुखतंय का? "नाही मॅडम, अजून टाकते." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हाताला कळायच्या आधी चेंडूला कळलं होतं. रात्री भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला की प्रशिक्षक नेमकं हेच पाहत बसलेले असतात. चेंडू वर जाऊ लागला की फोन उचलायची वेळ झाली.

कुठला फोन, हे पाहण्यासाठी पहाटे उठायला लागले. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना पौडला पहाटे साडेचारला दिसतो. मैदानाच्या कडेला बुलपेन नावाची एक जागा असते. तिथे सात-आठ धिप्पाड माणसं बाकावर बसलेली. सहाव्या डावाच्या सुमारास तिथला फोन वाजतो, एकजण उठतो आणि चेंडू टाकून हात गरम करू लागतो. मग मैदानावरचा गोलंदाज अचानक सावरतो, दोन बाद काढतो आणि उठलेला माणूस पुन्हा खाली बसतो. पुढच्या डावात पुन्हा फोन, पुन्हा उठणं. त्या पहाटे एकजण असाच उठत-बसत राहिला आणि मैदानात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आकडेवारीच्या तक्त्यात मी त्याचं नाव शोधलं. नव्हतं. बुलपेनमध्ये टाकलेले चेंडू सामन्याच्या हिशेबात धरत नाहीत. खांद्याला आणि कोपराला मात्र ते भरावेच लागतात.

हे पूर्वी असं नव्हतं. १९०४ साली जॅक चेस्ब्रो या गोलंदाजानं ५१ सामने सुरू केले आणि त्यातले ४८ एकट्यानं संपवले. त्या काळी मदतीला येणारा माणूस म्हणजे बहुतेक सुरुवातीची जागा न मिळालेला. त्याच्या कामाची मोजदाद करायची सोयही नव्हती. ती केली शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन या क्रीडापत्रकारानं, आणि १९६९ साली ती अधिकृत झाली. तिचं नाव सेव्ह. मी वहीत 'राखणं' असं लिहिलं. आपला संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना यायचं, किमान एक पूर्ण डाव टाकायचा, शेवटचा बाद होईपर्यंत थांबायचं आणि सामना जिंकून द्यायचा. तर ते राखणं तुमच्या नावावर. आणखी दोन वाटा आहेत, त्या समजायला मला चित्र काढावं लागलं. आघाडी गेली तर तीही नोंदवतात, बिघडलेलं राखणं म्हणून.

सर्वात अवघड गेला तो तळांवरच्या माणसांचा हिशेब. आधीच्या गोलंदाजानं दोघांना तळांवर चढू दिलं आणि मग हा नवा माणूस आला. त्याच्या चेंडूवर ते दोघं धावत घरी आले, तर त्या धावा आधीच्याच्या खात्यावर लागतात. मला हे आधी अन्यायाचं वाटलं, मग बरोबर वाटलं. पण काम काय आहे ते पाहा. दुसऱ्याच्या हातची अर्धी भाजलेली भाकरी उलटायची आणि ती करपू द्यायची नाही. २०२० पासून नियम आणखी कडक झाला आहे: आत आलेल्यानं किमान तीन फलंदाजांना तोंड द्यायचं किंवा तो अर्धा डाव संपवायचा, त्याआधी सुटका नाही, दुखापत झाली तरच.

या कामात सर्वात थोर झाला तो मारियानो रिवेरा. त्याच्याबद्दल वाचताना माझ्या एका रविवारची दुपार कधी संपली ते कळलं नाही. पनामातल्या प्वेर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावचा. वडील मासेमारी बोटीचे कप्तान, हाही बोटीवर राबलेला. १९९० साली न्यूयॉर्क यांकीज संघानं त्याला अडीच हजार डॉलर देऊन घेतलं. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया. १९९५ मध्ये मोठ्या संघात पोहोचला आणि दहा सामन्यांत सुरुवातीचा गोलंदाज म्हणून खेळला, पण तिथे जम बसला नाही. त्याची कारकीर्द एकूण एकोणीस हंगामांची, पण त्यानंतर त्यानं एकही सामना सुरू केला नाही. १९९६ मध्ये दुसऱ्या एका शेवट करणाऱ्याच्या आधीचे डाव त्यानं टाकले आणि १९९७ पासून शेवट त्याच्याकडे आला. त्याच वर्षी, सरावात सहकाऱ्याकडे चेंडू टाकत असताना, त्याचा सरळ जाणारा चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप बाजूला सरकू लागला. त्याला कटर म्हणतात. डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीकडे तो चेंडू असा घुसायचा की बॅटी मोडायच्या. मुख्यतः त्या एका चेंडूवर त्यानं पुढची सगळी वर्षं काढली. एकूण राखणी ६५२, आजही विक्रम. २०१९ साली हॉल ऑफ फेमसाठी मतदान झालं तेव्हा ४२५ पैकी ४२५ मतं त्याला मिळाली. तोवर असं एकमत कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

पण मला त्याची ४ नोव्हेंबर २००१ ची रात्र जास्त शिकवून गेली. वर्ल्ड सीरिज या हंगामाच्या अंतिम मालिकेचा सातवा आणि शेवटचा सामना, यांकीज २-१ नं पुढे, नववा डाव, चेंडू रिवेराच्या हातात. जगात त्याच्याइतकी खात्री कुणाची नव्हती. त्यानं दुसऱ्या तळाकडे केलेली एक फेक चुकली, मग एक फटका, आणि शेवटी लुईस गोन्झालेझनं मोडक्या बॅटीनं टोलवलेला एक अलगद चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पलीकडे पडला. ॲरिझोना ३-२ नं जिंकलं. तरीही तो मोडला नाही; तीन वर्षांनी, २००४ च्या हंगामात, त्याची ५३ राखणी झाली. मी शिक्षिका आहे. वर्गात एक तास वाईट गेला तर दुसऱ्या दिवशी फळ्याकडे वळताना तो आठवतो. या माणसांना दुसऱ्याच संध्याकाळी पुन्हा फोन येऊ शकतो. सुरुवातीचा गोलंदाज टाकून झाल्यावर चार-पाच दिवस विश्रांती घेतो. रिलीफवाल्याला विसरायला एक रात्र मिळते.

मग पैशांकडे वळले, कारण नोकरी म्हटल्यावर पगार आलाच. २६ जणांच्या संघात गोलंदाज जास्तीत जास्त तेरा. पाच सुरुवात करणारे धरले तर उरलेले आठ रिलीफवाले, आणि त्यातले शेवटचे दोन-तीन कायम उंबऱ्यावर. कालच्या सामन्यात लांबलचक डाव टाकून हात थकवला, तर आज ताज्या हाताचा दुसरा हवा म्हणून याला खालच्या संघात धाडतात. खेळाडू आणि संघमालकांच्या २०२२ च्या करारानं हे एका हंगामात पाच वेळांवर आणलं आहे. त्याआधी मर्यादाच नव्हती. वरच्या संघात वर्षाचा किमान पगार २०२५ साली ७ लाख ६० हजार डॉलर. सिंगल-ए या खालच्या पायरीवरच्या मुलांचा २०२३ च्या करारानुसार वर्षाला २६ हजार २०० डॉलर, आणि हा करारही त्यांची संघटना झाल्यावर झाला. रिंकूच्या काळी खाली महिन्याला हजार-तेराशे डॉलरच्या आसपास मिळायचे, तेही फक्त हंगामाचे महिने. मी दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि रिंकू कुठल्या पायरीवर होता ते पाहायला गेले.

जुलै २००९ मध्ये तो फ्लोरिडातल्या अगदी खालच्या लीगमध्ये मैदानात उतरला आणि त्याच महिन्यात पहिला विजयही त्याच्या नावावर लागला. दिनेश पटेलला २०१० च्या शेवटी संघानं सोडलं. रिंकू राहिला. हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात कॅनबेरा संघाकडून खेळला, २०११ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकापासून वेस्ट व्हर्जिनियापर्यंत एकेक पायरी चढत आला. २०१२ चा पूर्ण हंगाम वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघात: ३९ सामने, ७२ डाव, ६५ फलंदाज स्ट्राइकवर बाद, तीन विजय, एक पराभव, नऊ डावांमागे सरासरी तीन धावा. एव्हाना मला हे वाचता येत होतं. ३९ सामन्यांत ७२ डाव म्हणजे प्रत्येक खेपेला जवळपास दोन डाव. म्हणजे हा शेवट करणारा नव्हता, मधली खिंड लढवणारा होता. ७२ डाव म्हणजे २१६ बाद. भदोहीच्या ज्या मुलानं एकोणीस वर्षांचा होईपर्यंत बेसबॉलचा चेंडू पाहिला नव्हता, त्यानं एका हंगामात २१६ बाद मिळवले. वर अजून तीन पायऱ्या होत्या आणि मग मेजर लीग. त्या संध्याकाळी मी हे घरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

पुढच्या वर्षी डाव्या कोपरानं साथ सोडली. त्याला झालेल्या शस्त्रक्रियेचं नाव टॉमी जॉन. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या गोलंदाजाच्या कोपराच्या आतल्या बाजूचा फाटलेला अस्थिबंध काढून तिथे दुसऱ्या हाताचा स्नायूबंध बसवला. ते जॉन १९७६ मध्ये परत आले, त्यानंतर १६४ सामने जिंकले आणि ४६ व्या वर्षापर्यंत टाकत राहिले. म्हणून शस्त्रक्रियेला त्यांचं नाव. बरं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि सगळे परततातच असं नाही. २०१२ नंतर रिंकूच्या नावापुढे सामन्यांची नोंद नाही. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला आणि वीर महान या नावानं घरोघरी पोहोचला. शाळेतल्या मुलांना वीर महान ठाऊक होता. तो कधीकाळी पिचर होता हे त्यांना मी सांगितलं, तेव्हा माझ्या हातून वर्गाला पहिल्यांदा खेळातलं काहीतरी नवं मिळालं.

हे सगळं वाचल्यावर रिलीफ पिचर का असतो याचं माझं उत्तर साधं आहे. कोपर माणसाचं असतं म्हणून. खेळ नऊ डावांचा आहे आणि हात तितका टिकत नाही. उरलेलं कुणीतरी उचलायचं असतं. अमेरिकेत बेसबॉल संघटनांनी मुलांसाठी 'पिच स्मार्ट' नावाच्या सूचना केल्या आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. वीसच्या आत राहिले तरच दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायला हरकत नाही.

आपल्याकडे शालेय स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकतात आणि संघात एखादाच जोरकस हात असतो. सगळे सामने त्याच्याकडूनच टाकून घ्यायचा मोह होणार. ज्या शाळांत बेसबॉलचा संघ आहे, तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: एक वही ठेवा, तिच्यात प्रत्येक चेंडू मोजा, सरावातलेसुद्धा. किमान तीन जणांना टाकायला शिकवा. आणि आकडा भरला की "दुखत नाही, अजून टाकते" असं उत्तर आलं तरी दुसरीला आत पाठवा.